साळूबाईला दिलेलं उत्तर

उत्रोली, ६ ऑक्टोबर २०२४

ही वही शेफालीने आणून दिली. शेफाली म्हणजे माझी मुलगी, लग्न होऊन पुण्यात असते. तिचं म्हणणं, बाबांनी नोकरीतल्या गोष्टी लिहून ठेवाव्यात. पोलीस ठाण्याची डायरी चौतीस वर्षं लिहिली, पण तिच्यात मनातलं लिहायची सोय नव्हती. कोण आलं, कोण गेलं, किती वाजले, एवढंच. त्यामुळे इथे काय लिहायचं ते अजून नीट कळत नाही.

मे महिन्यात सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. आता भोरला पेपर आणायला जातो, आल्यावर बांधावरून एक चक्कर. इंद्रायणी भाताच्या लोंब्या भरत आल्या आहेत. दुपारी जेवल्यावर आडवा होतो आणि कोणी उठवत नाही. हे सुख नवीन आहे.

गोष्ट म्हणून एकच आठवते. आमच्या ठाण्याला मंजूर माणसं एकशे चाळीस आणि हजर ऐंशी. त्यातली निम्मी कोर्टात, बंदोबस्तात, साहेबांच्या मीटिंगला. एका गणपतीत तीन दिवस बूट काढायला मिळाले नाहीत. घरी आलो तर मोजे पायाला चिकटलेले. भामाने ते कात्रीने कापून काढले. तेव्हा ती काय म्हणाली ते आठवत नाही. बहुतेक काहीच म्हणाली नसेल.

९ ऑक्टोबर

आज वेल्ह्याला जाऊन आलो. भामाचा भाऊ गेनबा विंझरला असतो, त्याची वारस नोंद तहसीलमध्ये अडकली आहे. फौजदार दाजी सोबत असले की कारकून मान वर करतो, अशी त्याची समजूत. कारकुनाने मान वर केली आणि पुढच्या आठवड्यात या म्हणाला.

बाहेर बाजारात चहा घेत उभा होतो. शेजारी एक म्हातारी पाटीत खवा घेऊन बसली होती. तिने माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "सायेब, तुमीच न्हवं का?"

आवाजावरून ओळखलं. साळूबाई ढेबे. केस पांढरे झालेत, पण एक गुडघा वर घेऊन बसायची तऱ्हा तीच. आठ वर्षांनी भेटत होती. बरे आहात का, हितं कुठं, असलं काही नाही. सरळ विचारलं, "घावली का वो?"

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "तपास चालू आहे."

निवृत्त होऊन चार महिने झाले. अंगावर वर्दी नाही, हातात चहाचा कागदी कप, तरी तेच वाक्य. ती "बरं" म्हणाली आणि गिऱ्हाइकाचा खवा तोलू लागली.

गेनबाने विचारलं कोण, तर जुनी ओळख आहे म्हणालो. येताना मार्गासनीपर्यंत तो बोलत होता. मी एक अक्षर ऐकलं नाही.

१० ऑक्टोबर

काल अर्धंच लिहिलं. भामा शेतात गेली आहे तोवर पुढचं लिहून टाकतो.

२०१० च्या फेब्रुवारीत साळूबाई आणि तिचा जावई माझ्या टेबलासमोर उभे राहिले. जावई शहरात दुधाचा धंदा करायचा, आमच्याच हद्दीत दोन खोल्यांत राहायचा. त्याची बायको, म्हणजे साळूबाईची मुलगी रत्ना, वय एकवीस, चार दिवसांपासून घरात नव्हती. सगळं तोच बोलला. साळूबाई खाली बघत होती. मी मिसिंग दाखल करून घेतली. फोटो लग्नातला होता, हनुवटीवर गोंदलेले तीन ठिपके स्पष्ट दिसत होते.

हरवलेल्या माणसांचं टेबल माझ्या एकट्याकडे होतं. मी तेव्हा हवालदार. त्या साली आमच्या हद्दीतून दोनशेच्या वर माणसं हरवली. शिवाय पासपोर्टची चौकशी आणि समन्स वाटणं हेही माझ्याकडेच. जी माणसं आपण होऊन परत येत, ती येत. बाकीच्यांसाठी सगळ्या ठाण्यांना कळवायचं, फोटो फळ्यावर लावायचा आणि नातेवाइकांना सांगायचं, तपास चालू आहे. खोटं नव्हतं ते. पण तपास करणारं कोणी नव्हतं.

जूनमध्ये एका कॉलेजच्या वसतिगृहात समन्स द्यायला गेलो होतो. ज्याला द्यायचं तो आचारी होता म्हणून भटारखान्यात शिरलो. तिथे एक मुलगी पोळ्या लाटत होती. हनुवटीवर तीन ठिपके. नाव विचारलं तर दुसरंच सांगितलं. पुन्हा विचारलं तेव्हा तिने लाटणं खाली ठेवलं आणि दंडावरची बाही वर केली. तिथे जे होतं ते लिहीत नाही.

ती म्हणाली, "लिहू नका. तुम्ही लिहिलंत की तो येईल."

नियम सोपा आहे. बाई सज्ञान असेल तर जबाब घ्यायचा, सापडली अशी नोंद करायची, घरच्यांना कळवायचं. जायचं नसेल तर तिची मर्जी. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका बाईचं मी हे सगळं नियमाने केलं होतं. जबाब होईपर्यंत तिचा नवरा बाहेर रिक्षात बसून होता. तिला बहिणीकडे पोचवायला ठाण्यात एक माणूस मोकळा नव्हता. तिचा पंचनामासुद्धा मीच लिहिला.

म्हणून रत्नाचं मी लिहिलं नाही. वरून कोणी विचारलं नाही, कारण विचारायलाही माणूस नव्हता. खात्यात माणसं कमी असल्याचा कोणाला फायदा झाला असेल तर तो त्या एका मुलीला.

पण साळूबाई येत राहिली. दर महिन्याला, पहिल्या एसटीने. "घावली न्हाई ना?" विचारायची. मी म्हणायचो, तपास चालू आहे. ती बरं म्हणायची, बाहेरच्या नळावर तोंड धुवायची आणि जायची. कधी रडली नाही. डोंगरातली माणसं सोशिक. एकदा तुपाची बाटली टेबलाखाली ठेवून गेली. परत द्यायला मागे धावलो तर फाटकाशी उभी राहून स्वतःशीच हसत होती. दुःखाने माणसाचं असंही होतं. पुढेपुढे ती "घावली का वो?" असं विचारायला लागली. अर्थ एकच.

२०१६ ला माझी बदली झाली. सहा वर्षं मी तिला तेच उत्तर दिलं. तिला सांगितलं तर जावयाला कळेल, असं माझ्या मनात होतं. पण जावई दोन वर्षांतच दुसरं लग्न करून मोकळा झाला, ठाण्यात यायचाही बंद झाला. मग पुढची चार वर्षं का सांगितलं नाही? सकाळपासून विचार करतो आहे.

१७ ऑक्टोबर

आज भामाला सगळं सांगितलं. ती वालाच्या शेंगा सोलत होती. हात थांबले नाहीत.

"दर महिन्याला यायची?" तिने विचारलं.

मी हो म्हणालो. खात्यात माणसं किती कमी होती तेही सांगितलं, एकेका टेबलावर चार माणसांचं काम.

"घरात बी येकच मानूस हुतं," भामा म्हणाली.

तिचा रोख कळला नाही. शेफाली एकुलती एक, त्याबद्दल म्हणत असावी.

मग म्हणाली, "त्या बाईला जाऊन सांगा. म्या बी येते संगं."

डोंगर चढायचा आहे म्हटलं, तर म्हणाली, चढते की. तिला या वयात फिरायची हौस आली आहे.

२४ ऑक्टोबर

पाय भरून आलेत, पण आजचं आजच लिहिलं पाहिजे.

वेल्ह्याच्या पुढे केळदच्या रस्त्याला स्कूटर एका दुकानापाशी लावली. तिथून धनगरवाड्यापर्यंत तासभराची चढण. भामा पुढे, मी मागे. मध्ये दोनदा ती माझ्यासाठी थांबली.

साळूबाईचं घर कुडाचं, पुढे गोठा, गोठ्यात पाच म्हशी. नवरा कधीच वारला. पुतणे शेजारी राहतात, ते रानात होते. आम्हाला बघून तिला नवल वाटलं नाही. घोंगडी अंथरली, ताक दिलं. ताक पिऊन झाल्यावर मी वाक्य जुळवायला लागलो. चौतीस वर्षांत कितीतरी लोकांना कितीतरी वाईट बातम्या सांगितल्या, पण तेव्हा चूक माझी नसायची.

मी म्हणालो, साळूबाई, मी तुम्हाला एक गोष्ट सांगितली नाही.

ती म्हणाली, "म्या बी न्हाई सांगितली. आदी माझी ऐका."

आणि तिने सांगितलं. रत्ना पळून गेली नव्हती. साळूबाईनेच तिला काढून दिली होती. मुलीला भेटायला म्हणून ती शहरात गेली, मुलीचं अंग बघितलं, आणि जावई दूध घालायला गेल्यावर तिला घेऊन स्वारगेटला आली.

"तितं गर्दीत तिचा हात सोडला. म्हनलं, कुठं जातीस ती मला सांगू नगं. मला ठावं असलं तर ह्ये लोक माझ्या तोंडातनं काढून घेत्याल. म्या बोलवीपत्तुर येऊ नगं, कळवू बी नगं."

चार दिवसांनी जावई तिलाच ओढून माझ्यासमोर घेऊन आला.

"मंग म्या दर म्हैन्याला यायची. तुमास्नी ती घावली तर न्हाई ना, त्ये बगाया. तुमी म्हनायचा तपास चालू हाय, की मला लई बरं वाटायचं. दोन वरसांनी जावयानं दुसरी केली. मंग म्या यायची ती घावली का बगाया. तवाबी तुमी त्येच म्हनायचा."

भामा माझ्याकडे बघत होती. मी खाली बघत होतो.

मग मी माझं सांगितलं. जून महिना, भटारखाना, ठिपके, बाही. तिला ते सगळं समजायला थोडा वेळ लागला. मला वाटलं ओरडेल. तिने विचारलं, "कशी हुती?"

"बरी होती. पोळ्या लाटत होती."

"अंगानं?"

"भरली होती. गाल वर आले होते."

ती उठली, गोठ्यात गेली, एका म्हशीचं दावं उगाच सोडून पुन्हा बांधलं. परत आली ती उभीच राहिली.

"सा वरसं म्या तुमच्या म्होरं हुबी ऱ्हायली, सायेब. गाल वर आल्यात, येवडंच सांगितलं असतं तरी चाललं असतं."

  निघताना ती म्हणाली, आता शोधा. मी म्हणालो, शोधतो. तपास हा शब्द वापरला नाही.

२६ ऑक्टोबर

त्या तुपाच्या बाटलीचं आज कळलं. बांधावर उभा असताना एकदम. ती हसत होती, कारण मुलगी मला सापडली नव्हती. मी स्वतःला माणसं ओळखणारा समजत होतो.

७ नोव्हेंबर

दिवाळी झाली. शेफाली, जावई येऊन गेले. घरात दोन दिवस गडबड होती. आता कापणी धरली आहे.

काल पुण्याला गेलो, आमच्या जुन्या ठाण्यात. धनाजी अजून तिथेच आहे. माझ्या हाताखाली नवा शिपाई म्हणून आला होता, आता हवालदार झालाय आणि माझ्याच टेबलावर बसतो. टेबल बदललंय. कॉम्प्युटर आलाय. माणसं मात्र आमच्यापेक्षाही कमी. हद्दीत नव्या इमारती उठल्या, लोक दुप्पट झाले. धनाजीने मला चहा सांगितला आणि तो येईपर्यंत तीनदा उठला. चौथ्यांदा उठला तो आलाच नाही. दोन्ही चहा मीच प्यायलो.

त्याला कारण सांगितलं नाही. वसतिगृहाकडे एकटा गेलो. तिथलं जेवणाचं कंत्राट तीनदा बदललेलं, जुनं कोणी नाही. शिपाई म्हणाला, पूर्वी बाळाबाई म्हणून एक स्वयंपाकीण होती, मागच्या वस्तीत राहायची. बाळाबाई मुलीकडे गेली होती, रविवारी येणार.

गंमत म्हणजे मला घाई वाटली नाही. नोकरीत असतो तर इथेच फाइल बंद झाली असती. आता रविवारी पुन्हा जाईन.

११ नोव्हेंबर

बाळाबाई भेटली. आधी दार अर्धंच उघडलं. मी पोलीस नाही, होतो, असं सांगितल्यावर आणखी थोडं लोटून घेतलं. मग मी साळूबाईचं नाव घेतलं, तशी आत बोलावलं.

रत्ना तिच्यापाशी तीन वर्षं होती. पुढे भाजी आणणाऱ्या टेम्पोच्या ड्रायव्हरशी, ज्ञानूशी, तिचं जमलं. माणूस चांगला, असं बाळाबाई दोनदा म्हणाली. दोघं शिरवळला गेली, तिथे कंपन्यांतल्या कामगारांना डबे देतात.

शिरवळ. उत्रोलीपासून स्कूटरवर अर्धा-पाऊण तास. भामाचा चष्मा आम्ही तिथूनच केला.

१५ नोव्हेंबर

झोडणी चालू आहे. यंदा दाणा चांगला सुटतोय. भामा म्हणते शिरवळला कधी जाणार. मी म्हणतो, भात घरात येऊ दे. खरं कारण मला ठाऊक आहे. मागच्या वेळी मी तिच्या भटारखान्यात शिरलो तेव्हा तिच्या तोंडचा रंग उडाला होता.

२१ नोव्हेंबर

गेलो. भामाला बरोबर नेलं. बाईमाणूस बरोबर असलेलं बरं.

रस्त्याला लागून एक पत्र्याची शेड, बाहेर डब्यांच्या रांगा. रत्ना आता पस्तिशीची. अंगाने सुटली आहे, आवाज मोठा, दोन बाया तिच्या हाताखाली. मला बघून तिने ओळखलं आणि पहिल्यांदा पाठीमागे दाराकडे बघितलं. तिथे एक नऊ-दहा वर्षांची मुलगी अभ्यास करत होती. मुलीचं नाव सोनिया, हे नंतर कळलं.

मी दारातच उभा राहिलो. म्हणालो, मी लिहिलं नव्हतं. आजही काही लिहायला आलो नाही. मी रिटायर झालो.

"मग कशाला आलात?"

"तुझी आई सहा वर्षं ठाण्यात येत होती."

तिला हे माहीत नव्हतं. आई येत होती, कशासाठी येत होती, आधी कशासाठी आणि नंतर कशासाठी, हे मी जसं ऐकलं तसं सांगितलं. ती परातीच्या कडेला हात टेकून ऐकत राहिली. बाया डबे भरायच्या थांबल्या. तिने त्यांना हाताने खूण केली, भरा म्हणून.

मग म्हणाली, "आई म्हणालेली, मी बोलवीपर्यंत येऊ नको. चौदा वर्षं मी त्याचीच वाट बघतेय. वेल्ह्याची एसटी दिसली की बोर्ड वाचते."

"तिला पत्ता ठावा न्हवता," भामा म्हणाली. "बोलवंल कुठं?"

रत्ना मटकन बसली. भामा तिच्याजवळ जाऊन बसली. मी बाहेर रस्त्यावर आलो. आत काय बोलणं झालं ते भामाने सांगितलं नाही.

निघताना मी रत्नाला म्हटलं, मी तुझ्या आईला आत्ताच काही सांगणार नाही. तू सांगशील तेव्हा, सांगशील तेवढंच. या वेळी दोघींना विचारून. तिने माझा नंबर घेतला. ज्ञानूशी बोलून कळवते म्हणाली.

२८ नोव्हेंबर

फोन नाही.

३ डिसेंबर

फोन नाही. मळणीचं भात वाऱ्यावर उडवत होतो, पण फोन खिशातून काढून बांधावर ठेवला होता, वाजला तर ऐकू यावा म्हणून. भामा म्हणाली, किती वेळा फोन बघता. मी म्हणालो, वाट बघणं किती अवघड असतं.

ती माझ्याकडे बघून हसायला लागली. बराच वेळ हसली. डोळे पुसून पुन्हा हसली. तिला एवढं काय झालं कळेना, पण तिला असं हसताना बघून मलाही हसू आलं.

६ डिसेंबर

दुपारी रत्नाचा फोन. येते म्हणाली. धनगरवाड्यावर नको, तिथे जुन्या नवऱ्याच्या नात्यातली माणसं आहेत. शिरवळला नको, तिथे शेजारी विचारतील. मग भामाने फोन माझ्या हातातून घेतला आणि म्हणाली, "आमच्याकडं या. जेवायलाच या."

१५ डिसेंबर

भामा काल गेनबाकडे विंझरला जाऊन राहिली आणि सकाळी साळूबाईला एसटीने घेऊन आली. साळूबाईने नवं लुगडं नेसलं होतं. ओट्यावर बसली, आत येईना. तिला पाणी दिलं ते तसंच हातात.

अकराच्या सुमारास ज्ञानूचा टेम्पो आला. पुढच्या सीटवरून आधी सोनिया उतरली. साळूबाई त्या पोरीकडे बघत राहिली. तिला वाटलं असावं की हीच रत्ना, कारण ती एकदम म्हणाली, "येवडीच ऱ्हायली?" मग मागून रत्ना उतरली.

दोघी एकमेकींसमोर उभ्या राहिल्या. मला वाटलं होतं रडारड होईल. साळूबाईने हात पुढे केला आणि रत्नाची बाही वर सरकवली. दंड उलटसुलट करून बघितला. डाग आता फिके झालेत. मग दुसऱ्या हाताची बाही वर केली. तो दंडही बघितला. मग तिने ज्ञानूकडे बघितलं. तो बिचारा टेम्पोला टेकून उभा होता, चपला काढलेल्या.

"मला कळवू नगं म्हनलं म्हून कळवलंच न्हाई?" साळूबाई म्हणाली.

"तूच म्हणालीस."

"म्या म्हनले," साळूबाई म्हणाली, आणि मग ती खाली बसली आणि रडली. माझ्या ओळखीत पहिल्यांदा.

मी ज्ञानूला घेऊन शेतावर गेलो. भात कुठलं, किती पोती, असलं बोललो. तो म्हणाला, रत्ना दर दिवाळीला एक साडी जास्त घेते आणि कपाटात ठेवते. कोणासाठी ते त्याने विचारलं नाही कधी. आज टेम्पोत त्या सगळ्या आणल्यात.

परत आलो तर चौघी स्वयंपाकघरात होत्या. भामा, साळूबाई, रत्ना आणि ती पोरगी. आतून बोलण्याचा असा गलका की कोण काय म्हणतं ते समजू नये. आमच्या घरात एवढा आवाज मी पूर्वी ऐकला नव्हता. ऐकायला मी घरी असायचो कुठे.

१६ डिसेंबर

साळूबाई रात्री राहिली. निघताना म्हणाली, "सायेब, त्या वहीतनं तिचं नाव काडा. ती हरवल्याली न्हाई."

मी म्हणालो, त्याला रत्नाने स्वतः ठाण्यात जाऊन जबाब द्यावा लागेल. रत्नाला फोन केला, ती तयार आहे. जुन्या नवऱ्याची भीती तिला आता वाटत नाही, बरोबर ज्ञानू असेल, मी असेन.

जबाब म्हटला की प्रश्न येणार. इतकी वर्षं कुठे होतीस, कोणाला माहीत होतं? रत्ना म्हणाली, मी तुमचं नाव घेणार नाही. तशी ती घेणार नाही हे मला ठाऊक आहे. मग मी गप्प राहायचं की आपणच सांगायचं, हा विचार डोक्यात घेऊन दिवसभर हिंडतोय.

२७ डिसेंबर

ठाण्यात गेलो. धनाजी एकटाच टेबलावर. आमच्या आधी सात जण बसले होते, त्यामुळे रत्ना, ज्ञानू, साळूबाई आणि मीही बाकावर बसलो. अडीच तास. इतकी वर्षं मी त्या टेबलाच्या पलीकडून बाक बघितला, पण बसल्यावर तो इतका अरुंद असेल असं वाटलं नव्हतं. साळूबाईने सरावाने पाठ भिंतीला टेकवली आणि डोळे मिटले.

धनाजीने जुनी मिसिंग काढली. रत्ना बोलत गेली, तो टाइप करत गेला. शेवटी त्याने विचारलं, मध्ये कधी पोलिसांनी संपर्क केला होता का? रत्ना गप्प बसली.

मी म्हणालो, "लिही. जून २०१० मध्ये हवालदार गोरख खुटवड यांनी तिला पाहिलं आणि नोंद केली नाही."

धनाजीने बोटं उचलली. मला बाजूला नेऊन म्हणाला, भाऊ, कशाला? चौदा वर्षं झाली, कोणी विचारत नाही. मी म्हणालो, मीच विचारतोय. त्याने जागेवर जाऊन टाइप केलं. म्हणाला, साहेब खुलासा मागतील. बाकी काही होणार नाही, पण कागद येईल.

रत्ना सापडली अशी नोंद झाली. वेळ दुपारी दोन वाजून दहा मिनिटं. साळूबाईला वाचता येत नाही, तरी तिने स्क्रीनजवळ तोंड नेऊन बघितलं.

बाहेर पडल्यावर सगळ्यांनी मिसळ खाल्ली. साळूबाईला ती तिखट लागली नाही.

९ जानेवारी २०२५

रानात हरभरा फुलावर आहे. साळूबाई परवा रत्नाकडे आठ दिवस राहायला गेली. म्हशी पुतण्यांवर सोपवल्या. तिथून फोन करून म्हणाली, लेकीच्या भाकऱ्या जाड होतात. आवाज खुशीत होता.

२१ जानेवारी

कागद आला. रजिस्टर्ड पोस्टाने. सदर महिला मिळून आल्याचे ज्ञात असूनही नोंद का घेतली नाही, याचा लेखी खुलासा सात दिवसांत सादर करावा. भाषा ओळखीची. असे कागद मी खूप लिहिले होते. जेवण नेहमीसारखं गेलं.

भामा म्हणाली, मानसं कमी हुती म्हून लिवा. मी म्हणालो, माणसं कमी होती हे खरं, पण ते कारण नव्हे.

२३ जानेवारी

सकाळी ओट्यावर बसून खुलासा लिहिला. पहिला परिच्छेद लवकर झाला. नोंद केली असती तर बाईच्या जिवाला धोका होता, तिला संरक्षण देण्याइतकं मनुष्यबळ ठाण्यात नव्हतं, म्हणून मी जाणूनबुजून नोंद केली नाही, त्याचा मला खेद नाही.

तेवढंच विचारलं होतं. पण पेन थांबेना म्हणून पुढे लिहिलं. "त्यानंतर सहा वर्षे सदर महिलेची आई दरमहा माझ्याकडे येत राहिली. मी तिला प्रत्येक वेळी एकच उत्तर दिले. ते देणे सोपे होते. समोरचे माणूस वाट बघते आहे, याचा मी विचार केला नाही. याला काही कारण नाही. चूक माझी आहे."

भामाला वाचून दाखवलं. वाल निसता निसता ऐकत होती. मला वाटलं दुसरा परिच्छेद खोडायला सांगेल.  ती म्हणाली, शेवटचं पुन्हा वाचा. मी वाचलं.

"पाठवा," ती म्हणाली. "पन ह्याची येक नक्कल काडून मला द्या."

कशाला विचारलं, तर उठून चहा टाकायला गेली. चहात आज आलंसुद्धा घातलं होतं. सरकारी कागद जपून ठेवायची आवड तिला कधीपासून लागली कळत नाही. उद्या भोरला पोस्टात जाणारच आहे, तेव्हा झेरॉक्स काढून आणीन.